हवेवरचा माणूस

ब्लोअरचा आवाज एकाएकी चढला, तसा हवालदारानं चहाचा कप खिडकीत ठेवला आणि जिन्याकडे धाव घेतली.

तो काही पोलिसातला नव्हता. शहराचं सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात हवा सोडायचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणायचे. मोठ्या टाकीतले जिवाणू घाण खातात आणि त्यांना हवा लागते. कमी पडली की ते मरतात, पाणी सडतं. जास्त झाली की वीज फुकट जाते. बावीस वर्षं तो फेस बघून, वास घेऊन टाकीत हवा ढकलणारे ब्लोअर कमीजास्त करत आला होता.

गेले नऊ दिवस मात्र ते काम एक यंत्र करत होतं. टाकीत बुडवलेला सेन्सर पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा आणि यंत्र त्याप्रमाणे ब्लोअरचा वेग ठरवायचं. आणि हे यंत्र बनवलं होतं त्याच्याच लेकीनं! तीस दिवसांची चाचणी होती. पाणी स्वच्छ राहून पाव हिस्सा वीज वाचली तर पास. नाहीतर तिच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी. "कंपनी दुसरी संधी देणार नाही, बाबा," असं ती म्हणाली होती.

यंत्र पास झालं की हवेवर माणूस लागणार नाही, हे साहेबांनी हवालदाराला आधीच बजावलं होतं. कंत्राटावरची नोकरी, म्हणजे सरळ घरी. "हरकत नाही साहेब," एवढंच तो म्हणाला. लेकीला मात्र त्यानं थाप मारली की मला ऑफिसात घेणार आहेत.

आज सकाळीच ती येऊन गेली होती. साहेबांच्या केबिनमधून निघाली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मग यंत्रासमोर बराच वेळ बसली.

"काय गं, बरं नाही का?"

"जागरण झालंय." थोडं थांबून तिनं विचारलं, "ऑफिसातलं काम जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? खुर्चीवर तर बसायचंय!"

ती हसली नाही. दुसऱ्या शहरात काम निघालं होतं, आता चाचणी संपल्यावरच येणार म्हणून निघून गेली.

आणि आता ही आफत. हवालदार धापा टाकत वर पोचला. यंत्राचे दिवे लागलेले होते, पण तिन्ही ब्लोअर पूर्ण वेगानं घरघरत होते. टाकीत ऑक्सिजन नको तितका वाढला होता, तरी यंत्र ढिम्म. बिघडलं! यंत्र बंद पडल्याची नोंद झाली की चाचणी तिथंच संपणार होती.

त्यानं लेकीला फोन लावायला घेतला आणि खिशात परत टाकला. पोरगी हरिश्चंद्राचा अवतार. तिला कळलं तर ती स्वतःच जाऊन साहेबांना सांगायची.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. ब्लोअर त्यानं यंत्रावरून काढून हातानं चालवायला घेतले आणि कळ फिरवून वेग उतरवला.

त्या दिवसापासून सकाळ-दुपार दोन्ही पाळ्या त्यानं मागून घेतल्या. दर पाव तासाला टाकी, दर पाव तासाला कळ. रात्री सांडपाणी कमी यायचं, तेव्हा पुरेल इतका वेग बेतून ठेवूनच तो घरी जायचा. जिन्यात पाऊल वाजलं की कळ सोडून तो फेस बघत उभा राहायचा. सतराव्या दिवशी शहरातल्या डेअरीनं आपल्या दुधाच्या टाक्या धुतल्या आणि दुप्पट हवा मागणारं पांढरंफटक पाणी येऊन पडलं. त्या दिवशी त्याचा डबा तसाच परत गेला.

"अहो, यंत्र आलं की माणसाचं काम कमी होतं म्हणे," बायको म्हणाली. "तुमचं तर दुप्पट झालं!"

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा.

"यंत्र कसं चाललंय, बाबा?"

"झकास."

"ब्लोअरचा आवाज वगैरे... काही वेगळं नाही ना?"

"छे! काय वेगळं असणार?"

तिला शंका आली की काय, या धास्तीनं तोच आधी फोन ठेवायचा.

तिसाव्या दिवशी तपासनीसानं सगळ्यांसमोर विजेच्या मीटरचं सील तोडलं. आकडा लिहिला, पुन्हा तपासला.

"एकतीस टक्के बचत. आणि पाणी महिनाभर स्वच्छ."

टाळ्या पडल्या. साहेबांनी लेकीचं अभिनंदन केलं, यंत्र कायमचं मंजूर झाल्याचं सांगितलं आणि हवालदाराच्या पाठीवर थाप मारली. "चला, उद्यापासून आराम तुम्हाला!"

लेकीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आनंदानंही माणसाचं असं होतं, हवालदाराला वाटलं. सगळे पांगल्यावर तिनं त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच टाकीच्या कठड्यापाशी नेलं.

"बाबा, हे कसं शक्य आहे?"

आता त्यालाही राहवेना. "तुला म्हणून सांगतो. नवव्या दिवशीच तुझं यंत्र बिघडलं होतं. तेव्हापासून मीच हातानं चालवलं. कुणाला पत्ता नाही. माझं काय गं, मी कुठंही पोट भरेन. तू पास झालीस, बस्स!"

ती मटकन पायरीवर बसली.

"बिघडलं नव्हतं, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "तुमची नोकरी जाणार हे साहेबांकडून कळलं, म्हणून चाचणी फसावी, मी गेल्यावर ब्लोअर सुसाट सुटावेत, असं त्या दिवशी मीच ते लावून गेले होते."