घागरीपासून हातभर

"लिलाबाई, जरा पुढे या. तुम्ही नेहमी मागेच का?"

सरिताताईंनी असं म्हटल्यावर लिलाबाई एक पाऊल पुढे सरकल्या. टेबलावर तांब्याची मोठी घागर होती. घागरीपासून हातभर अंतर राखून त्या थांबल्या. पदर कमरेला खोचलेला, हात पाठीमागे.

"बघा सगळ्यांनी," सरिताताई म्हणाल्या. "वस्तूजवळ उभं राहायचं ते असं."

रिठदला गावाचं संग्रहालय उभं राहत होतं. जुन्या वाचनालयाच्या खोल्या रंगवून झाल्या होत्या. घरोघरच्या माळ्यांवरून तिफण, जातं, दिवे, धान्याची मापं आली होती. ती जपायची कशी हे स्वयंसेवकांना शिकवायला सरिताताई नागपूरहून आल्या होत्या. शेवटी त्या एकाला निवडणार होत्या. वस्तू उचलायच्या, पुसायच्या त्या फक्त त्यानं. बाकीच्यांनी पाहुण्यांना माहिती सांगायची.

लिलाबाईंना ते काम हवं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा बरोबरच्या स्वयंसेविका सोजरबाई हसल्या होत्या.

"या वयात कायले पाह्यजे वं तुले? नर्सची पेन्शन पुरत नाही काय?"

"पुरते नं," लिलाबाई म्हणाल्या. "पन मले हे पाह्यजे."

घागर सोजरबाईंच्या घरची. त्यांना ती चिंचेनं घासून लखलखीत करायची होती. सरिताताईंनी अडवलं. तांब्यावर चढलेला काळपटपणा हे त्याचं वय आहे, तो घालवायचा नाही. आणि उघड्या हाताच्या घामानं डाग पडतात, म्हणून हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही.

"माह्या सासूचंबी असंच होतं," सोजरबाई अभिमानानं म्हणाल्या. "लय जीव होता तिचा या घागरीत. जिती होती तोवर कोनाचा हात लागू देला नाही."

हे सांगता सांगता त्यांचाच हात घागरीच्या काठावर टेकला. सगळे हसले. पण हसणाऱ्यांचंही तेच होत होतं. कॉलेजात शिकणाऱ्या वैभवीचं कडं दिव्याला घासलं, कुणी बोलता बोलता जात्यावर कोपर टेकलं. लिलाबाईंचं मात्र एकदाही चुकलं नाही. खिडकीतून ऊन आलं की आपली सावली वस्तूवर पडू नये म्हणून त्या आपोआप बाजूला व्हायच्या.

"आजी, तुमी राजवाड्यात होत्या काय?" वैभवीनं विचारलं.

"दवाखान्यातली सवय असेल," सरिताताई म्हणाल्या.

"नाही, त्याच्याबी आधीची," लिलाबाई म्हणाल्या. "लहानपनी एका मोठ्या घरचं वळन लागलं."

एका दुपारी सरिताताईंनी सगळ्यांना हातमोजे घालून घागर उचलून पाहायला सांगितली. रांग लागली. लिलाबाई रांगेत नव्हत्या.

"तुम्ही नाही?"

"मले निवडलं तर उचलीन. नाही तर नाही."

"भाव खाऊन राह्यली," सोजरबाई म्हणाल्या.

लिलाबाईंनी नुसतं हसून घेतलं. त्या दिवशी घरी जाताना त्या दारातून एकदा मागे वळून घागरीकडे पाहत राहिल्या.

शेवटच्या दिवशी सरिताताईंनी नाव सांगितलं. लिलाबाईंचंच. टाळ्या वाजल्या. सोजरबाईंनीही वाजवल्या, पण बोलल्याशिवाय राहवेना.

"पाहा बापा, घागर माही न् हात हिचा. जपून धर वं."

लिलाबाईंनी हातमोजे घातले. एक हात बुडाखाली, एक पोटाला, असं शिकवल्याप्रमाणे त्यांनी घागर उचलली. कपाट दोन पावलांवर होतं. पण त्या घागर छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती अलगद काचेआड ठेवली आणि किल्ली फिरवली.

सोजरबाई सवयीनं पुढे झाल्या, हात काचेकडे गेला.

"हात नका लावू, सोजरबाई," लिलाबाई हळूच म्हणाल्या.

सरिताताईंना कौतुक आवरेना. "आता तरी सांगा सगळ्यांना. इतकं पक्कं वळण तुम्हाला लावलं तरी कोणी?"

लिलाबाईंनी हातमोजे काढले, नीट घडी घातली.

"सोजरबाईच्या सासूनं," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या काठावरून त्या याच घागरीनं पानी वतायच्या, न् आमी खाली हातभर दूर ओंजळ धरून बसायचो."