यादीतली शेवटची वस्तू

आरसा आला. आता यादीत फक्त कीबोर्डचा स्टँड उरला, आणि तो उशिरा यावा असं तिला वाटलं.

यादी गाण्याच्या बाईंनी दिली होती. शिकवणी सुरू करण्याआधी घरात हवं ते सामान : कीबोर्ड, स्टँड, हात नसलेली खुर्ची, स्वतःचे ओठ दिसतील असा आरसा, ठोके देणारं यंत्र, जाड रेघांची वही. विद्यार्थी म्हणजे तिचा नवरा, वय बासष्ट. अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. पाय बराचसा परतला, उजवा हात थोडा परतला, वाचा परतली नाही. सात महिन्यांत तोंडातून एक शब्द नाही. ‘समजतं त्यांना सगळं,’ डॉक्टर म्हणाले होते. ‘बोलण्याची वाट बंद झालीय. कधीकधी गाण्याची उघडी असते. करून बघा.’ डॉक्टर ‘करून बघा’ कधी म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. त्यांचं सगळं करून झालेलं असतं तेव्हा.

नवरा एकतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होता. सहीच्या चिठ्ठीशिवाय त्याने कोणाला खिळासुद्धा दिला नाही. कारखान्याला आग लागली तेव्हा वाळूच्या बादल्यांसाठीही त्याने चिठ्ठी मागितली, असं लोक हसून सांगत. ते साफ खोटं होतं. चिठ्ठी त्याने आग विझल्यावर मागितली होती.

आता तो खिडकीशी बसून यादी सांभाळत होता. वस्तू आली की उलटीसुलटी करून बघायची आणि डाव्या हाताने यादीत त्या वस्तूपुढे वाकडीतिकडी खूण करायची. स्टँड आला, खूण झाली. यादी संपली. त्याने तिच्याकडे पाहिलं.

तिने यादी त्याच्या हातातून घेतली आणि खाली लिहिलं : कीबोर्डवर टाकायला कापड.

कापड आलं. तिने लिहिलं : खुर्चीच्या पायांना रबरी बुचं. बुचं आली. तिने लिहिलं : आणखी एक वही. पूर्वी एखादा फिटर दुसरा हातोडा मागायला आला की नवरा त्याच्याकडे जसा बघत असेल, तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

‘काकू, सोमवारी येऊ का?’ बाईंनी फोनवर विचारलं.

‘अहो, खुर्ची डुगडुगतेय.’

‘मग गुरुवारी?’

‘गुरुवारी सुतार यायचाय.’ कसला सुतार आणि कसलं काय.

नणंद आली आणि खोलीभर मांडलेलं सामान बघून दारातच थांबली. ‘वहिनी, दादाला गाणं शिकवायचंय की गाण्याचं दुकान टाकायचंय?’ मग तिला स्वयंपाकघरात ओढून नेऊन हळू आवाजात म्हणाली, ‘घाबरतेस ना? नाही जमलं तर काय, म्हणून? अगं, नाही जमलं तर नाही जमलं. आहे त्याहून वाईट काय होणारेय?’

तिने मान हलवली. ही भीती सगळ्यांनीच तिला परस्पर देऊ केली होती आणि तिनेही ती घेऊन टाकली होती. खोटी नव्हती. ही शेवटची वाट. चालून बघितलीच नाही तर ती बंद आहे असं निदान कोणी म्हणू शकत नव्हतं. पण त्या भीतीच्या मागे दुसरी होती, आणि ती नणंदेला सांगण्यासारखी नव्हती. तिला भीती होती की जमेल. जमलं की तो बोलेल. पहिलं वाक्य काय बोलेल, या विचाराने आमटी ढवळता ढवळता तिचा हात थांबायचा.

नणंदेने त्याच दिवशी बाईंना फोन केला. गुरुवारी दुपारी चार वाजता दार वाजलं. सुतार नव्हता.

बाई जेमतेम तिशीच्या, पायात खेळाचे बूट, आवाज खणखणीत. त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. ती अजिबात डुगडुगली नाही. नवऱ्याला आरशासमोर बसवून त्यांनी त्याचा डावा हात धरला आणि टेबलावर ठोके देत दोन सुरांत गायला लागल्या, एक खालचा, एक वरचा. ‘पा-णी दे.’ मग ‘दा-र लाव.’ मग पुन्हा ‘पा-णी दे.’

नवरा आरशात बघत होता. ओठ मिटलेले.

ती स्वयंपाकघराच्या दाराची कड धरून उभी होती. दहा मिनिटं. वीस मिनिटं. काहीच झालं नाही, आणि तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

‘पहिल्याच दिवशी कोणी गात नाही, काका,’ असं म्हणून बाईंनी त्याचा हात सोडला आणि त्या वही आवरायला लागल्या.

हात थांबला नाही. तो आपला आपण टेबलावर ठोके देत राहिला. मग गंजलेली कडी सरकावी तसा आवाज आला, खालचा सूर आणि वरचा सूर. नवरा आरशात बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

‘बो-लू का गं?’

बाईंच्या हातातून वही पडली. ‘काकू! ऐकलंत? अहो, पहिलंच वाक्य, आणि तेही परवानगी मागून! किती सभ्य माणूस!’

ती दाराशीच खाली बसली होती. सात महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळी घरात तिसरं कोणी नव्हतं. भांडण कशावरून होतं ते तिला आता धड आठवतही नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की तो उत्तर द्यायला तोंड उघडत होता आणि ती अंगावर धावून गेल्यासारखी ओरडली होती, ‘मी सांगेपर्यंत आता एक शब्द बोलायचा नाही!’