यमुनाक्कांचा पदर

कढया उतरवायची वेळ झाली, तशी पेढ्यांच्या कारखान्यातल्या बावीस बाप्यांनी एकदम नसलेला पदर कमरेला खोचला. फोरमन निरंजनने कपाळावर हात मारला.

हा प्रताप नव्या हातमोज्यांचा. जो घालेल त्याच्याकडून ते शिकायचे आणि पुढच्याच्या हातांकडून तसंच करून घ्यायचे. निवृत्त होताना यमुनाक्कांनी त्यांना खवा परतायला शिकवलं होतं, पण त्यासोबत अक्कांची ही सवयही आली. निरंजनने बटण दाबून तेवढी हालचाल मोज्यांतून पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सगळे पेढे फिके निघाले, तिसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाइकं पेढे परत करायला लागली, तेव्हा त्याने अक्कांना बोलावून घेतलं.

अक्का घटकाभर कढईपाशी उभ्या राहिल्या. "अरे, एवढी कसली घाई? पदर खोचेस्तोवर तर खवा लालसर होतो!"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठं माहीत होतं? आत्ता कळतंय!" अक्का खळखळून हसल्या.

निरंजनने मोज्यांना पदर परत शिकवला. खातरजमा करायला अक्कांनी झुबकेदार मिशांच्या कारागीर भिकोबांच्या मोज्यांचा जोड हातात चढवला आणि खवा परतला. पदर खोचून झाला, तसा त्यांचा हात आपसूक वर गेला आणि नसलेल्या मिशीला झकास पीळ देऊन आला.

सगळे पोट धरून हसले. भिकोबा लाजले. निरंजनचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं आणि तिथेच थबकलं.

"राहू दे," तो म्हणाला, "आधी पेढा चाखून बघू."