हेतुवाचक आणि अक्षता

न्यायालय फक्त पुरावा पाहतं, माणसाच्या मनात डोकावत नाही. निदान तिथे तळहातावरून मनातलं मोठ्याने वाचणारं हेतुवाचक यंत्र बसेपर्यंत तरी असंच होतं.

फिर्यादी विद्याधर गोरे यांनी यंत्राच्या काचेवर तळहात ठेवला. वरच्या मजल्यावरच्या केळुसकरमास्तरांनी डोक्यावर कुंडी टाकून आपल्याला ठार मारायचा प्रयत्न केला, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यापायी मास्तरांना शाळेने निलंबित केलं होतं.

"कुंडी मांजराने पाडली," यंत्र एसटी स्टँडवरच्या बाईच्या आवाजात म्हणालं. "पण मुलीच्या लग्नाचं आमंत्रण फोनवर पाठवतो म्हणजे काय? घरी येऊन अक्षता द्यायला याचे पाय दुखतात? दाखवतोच आता."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. गोऱ्यांचे कान तापले.

"तक्रार आकसापोटी केलेली आहे. फेटाळली," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

केळुसकर जवळ आले. चिडायचं सोडून ते गोंधळलेलेच दिसत होते. "अहो गोरे, आम्ही जोडीने आलो होतो की! तुम्ही झोपला होतात. वहिनींनी चहासुद्धा केला."

गोऱ्यांनी बायकोकडे पाहिलं.

"देवघरात ठेवल्या होत्या अक्षता, पत्रिकेसकट," ती मान खाली घालून म्हणाली. "म्हटलं, रोज तासभर पूजेला बसता, दिसतील की."

गोऱ्यांचा हात अजून काचेवरच होता.

"पूजेच्या वेळी मी मोबाइल बघतो," यंत्र म्हणालं.