घरच्यांचा बाक

"आत सोडू नका हवं तर, मामा. इथनं दारातनंच बघते," केशर म्हणाली.

मैदानाच्या फाटकावर राखणीला उभ्या मारुतीनं काठी आडवी धरली. "पास?"

"न्हाई."

"मग दारातनंबी न्हाई. कुठली गं तू?"

"बाजारकुणंगची. आमच्या गावचा झिलू खेळतोय न्हवं आज, गोऱ्या पलटणीसंगं."

झिलू आपला नवरा, एवढं मात्र तिनं सांगितलं नाही. सांगून चालणारच नव्हतं. क्यासलरॉकच्या लाकडाच्या वखारीनं पगार देऊन फुटबॉलची टीम पाळली होती, आणि कपाच्या शेवटच्या म्याचला दर खेळाडूला दोन पास मिळत, फक्त घरच्या माणसांसाठी. त्यांच्याकरता मैदानाला लागून वेगळा बाक मांडत. त्या बाकावर घरचं माणूस कधी बसलंच नाही, ही गोष्ट वेगळी. सगळेच पास विकत. झिलूनंही विकले. "लेकाला वाळे करू त्यात," असं त्यानं सांगितलं, आणि केशर "बरं" म्हणाली.

यंदा मात्र ते वखारीच्या साहेबाच्या कानावर गेलं होतं. विकलेला पास सापडला तर खेळाडूचं नाव टीममधून कापायचं, असा हुकूम होता.

"बरं" म्हणाली खरी, पण सकाळी लेकाला पोटाशी बांधून ती क्यासलरॉकची वाट चालू लागली होती. लग्न झाल्यापासून ती नुसतं ऐकत आली होती. झिलू वाऱ्यागत पळतो म्हणे. चेंडू त्याच्या पायाला चिकटूनच असतो म्हणे. तिच्या वाट्याला ते पाय यायचे सुजलेले, नखं उचकटलेले. ती त्यांना गरम तेल चोळायची, तेवढ्यात तो झोपून जायचा. ते पाय पळताना एकदा बघायचे होते तिला. बाकी काही नको होतं.

मैदानाभोवती बांबूच्या तट्ट्या होत्या, नव्या, घट्ट विणलेल्या. बोट घालायला फट नव्हती.

एवढ्यात छकड्यातून एक जोडपं उतरलं. गडी जरीच्या पगडीचा, बाई नथ घातलेली. "झिलूच्या घरचे," म्हणत त्या गड्यानं दोन पास पुढे केले.

मारुतीनं पास उलटेपालटे करून पाहिले. मग पगडी पाहिली. "तुम्ही झिलूचे कोण?"

"भाऊ. थोरला."

"आन् ह्या?"

"ही… ही झिलूची बायको."

नथ एकदम हलली. "अहो, लाज हाय का न्हाई?" बाई दातांत पुटपुटली. "खानापूरपासनं इथवर आणलंत ते दुसऱ्याची बायको करायला?"

"गप की गं जरा," गडी कुजबुजला.

मारुतीनं काठी पुन्हा आडवी धरली. "झिलू बाजारकुणंगचा. दोन बिघे भात लावणारा. त्याची बायको छकड्यातनं येती व्हय? थांबा, सायबाला बोलावतो." तो वळला, आणि त्याची नजर केशरवर पडली. "ए बाय, तू त्याच्याच गावची न्हवं? बघ बरं. हीच का झिलूची बायको?"

केशरनं त्या बाईकडे पाहिलं. बाईनं केशरकडे. आतून शिट्टी ऐकू आली, लोक ओरडले. पोटाशी लेकरू चुळबुळलं.

"व्हय," केशर म्हणाली. "हीच."

"नक्की?"

"त्यांच्या लग्नाला होते की मी."

काठी बाजूला झाली. गडी घाईघाईनं आत शिरला. बाईचा पाय मात्र अडला. केशरच्या कुशीतलं तोंड तिनं निरखून पाहिलं. "तान्हं कुणाचं गं?"

"माझं."

"बापावर गेलंय?"

केशरनं लेकाच्या तोंडावर पदर ओढला. "अगं, चल की!" आतून नवऱ्याची हाक आली. बाई पदर सावरत गेली, पण जाताना दोनदा मागे वळली.

मारुतीनं फाटक ओढून घेतलं. केशर तट्टीच्या कडेकडेनं सावलीला जाऊन उभी राहिली. पलीकडे पाय धडधडत जवळ यायचे आणि लांब जायचे. त्यातले त्याचे कोणते, ते काही केल्या कळेना. मध्येच कुणी "झिलू! झिलू!" ओरडायचं. मग ती लेकाच्या पाठीवर थोपटायची.

असा किती वेळ गेला कोण जाणे. एकदम लाथेचा दणका वाजला आणि चेंडू तट्टीवरून उंच येऊन तिच्यापुढच्या गवतात पडला. दोन टप्पे खाऊन कुड्याच्या झाडाच्या बुंध्याशी थांबला.

"पलटणीच्या गोऱ्यानं मारला! टाक गं आत!" मारुती फाटकातून ओरडला. "म्याच अडलीय!"

तिनं वाकून चेंडू उचलला. कातडं गरम होतं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता, आणि तांबड्या मातीनं माखला होता. लेकानं त्यावर हात ठेवला.

तट्टीच्या अगदी पलीकडे कुणीतरी धावत येऊन थांबलं. धापा ऐकू आल्या. त्या धापा तिला ओळखू आल्या.

"कोण हाय रे तिकडं?" झिलूचा आवाज आला. "टाका की लवकर! सगळी थांबलीत!"

हातभर अंतर होतं, मध्ये नुसता बांबू. केशरनं चेंडू लेकाशेजारी छातीशी धरला, आणि झिलूला आणखी थोडा वेळ तिथंच थांबवून ठेवलं.