मोटारीची वाकळ

वकील दत्तोपंत दुपारी बैलगाडीतून परत आले, तेव्हा काकती गावाला काही सांगावं लागलं नाही. सकाळी जाताना ते पत्नीचं, कल्याणीबाईंचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले होते. येताना पुढे, गाडीवानाशेजारी बसले होते. बेळगावचा दवाखाना यायच्या आधीच बाई गेल्या होत्या.

मोटार शेडात तशीच उभी होती. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका साहेबाकडून घेतलेली, दोन माणसांची, लांब नाकाची, शर्यतीची मोटार. रस्त्याला लागली की वारा मागे पडायचा, पण थंडीत हटून बसायची. दवानं बॉनेट भिजलं की हँडल मारून माणूस दमायचा. म्हणून कल्याणीबाईंनी जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवली होती. ड्रायव्हर मारुतीनं ती दिवेलागणीला बॉनेटवर घालायची आणि पहाटे रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचं, हा शिरस्ता.

त्या पहाटे बाईंच्या पोटात कळ आली. दत्तोपंत ओसरीवरच्या खुर्चीत, खटल्याच्या कागदांतच झोपले होते. हाकेसरशी ते धावले. मारुतीही घरून पळत आला. हँडल मारून मारून त्याच्या तळहाताची सालटं निघाली, पण मोटार हूं की चूं करीना. बॉनेट ओलंचिंब होतं. शेवटी शेजारच्या जोतिबानं बैल जुंपले.

सगळं उरकल्यावर दत्तोपंत शेडात गेले. वाकळ कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती. त्यांनी हात लावून पाहिला. कोरडी होती.

"मारुती, काल वाकळ घातली नव्हतीस?"

मारुती वाकळीकडं बघत राहिला.

"न्हाय अण्णा. इसरलो."

"परत तोंड दाखवू नकोस."

का काढलं, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

मारुती निपाणीला गेला, तंबाखूच्या वखारीत पोती उचलायला. पुढची थंडी आली तशी वाकळ दत्तोपंत स्वतः घालू लागले. पहाटे बंब पेटवून पाणीही तेच ओतायचे. मोटार सुरू झाली की थोडा वेळ ऐकत उभे राहायचे आणि बंद करायचे. कोर्टात मात्र गावच्या लोकांबरोबर सर्व्हिस मोटारीनं जायचे.

"काय वकीलसाब," जोतिबा कुंपणावरून म्हणायचा, "सासरी धाडायची हाय व्हय? रोज न्हाऊ घालताय ते!"

दत्तोपंत हसायचे नाहीत. जोतिबा मग बैलांना वैरण टाकायला वळायचा.

स्वयंपाकाच्या रुक्माबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

"अण्णा, मारुतीला बोलवा की. त्येची बायकू मालुबाई आलती काल. तंबाखूची धूळ छातीत बसलीया म्हनं. रगत पडतंय."

"त्याचं नाव काढू नका."

"मोटार सुरू झाली न्हाई त्यात त्येचा काय गुन्हा?"

"काढू नका म्हटलं ना!"

त्याच दिवशी गार वारं सुटलं होतं. दिवे लागले, दत्तोपंतांनी मोटारीवर वाकळ घातली, कडा नीट खोचल्या आणि ओसरीवर येऊन नुसत्या सदऱ्यावर बसले. रुक्माबाई चहा घेऊन आल्या.

"हुडहुडी भरलीया तुमास्नी, आन् पांघरून मोटारीला! वैनी असत्या तर ती वाकळ काढून तुमच्यावर घातली असती. मागल्या वर्सागत."

"मागल्या वर्षी कधी?"

"वैनी गेल्या त्याच्या आदल्या सांजंला. तुमी हितंच झोपला हुतासा. मी म्हनलं, वैनी, मारुतीनं आत्ताच घातलीया, ऱ्हाऊ द्या. तर म्हनल्या, मोटारीला एक दिस थंडी वाजली तर काय हुतंय." रुक्माबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमी बैलगाडी घेऊन गेल्यावर मारुतीनं ती हितनं, खुर्चीखालनं उचलली. लई वेळ हातात धरून हुबा ऱ्हायला. काय रं, म्हनलं, तर बोलला न्हाई. घडी करून शेडात ठिवली."

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली. काकतीहून निपाणी चाळीस मैल. दत्तोपंतांचं मारुतीकडं जायचं अजून राहिलं आहे.