रांगेतली शेवटची

वादळ रात्री पोचणार होतं, पण वारा दुपारपासूनच सुटला होता. कानाएने तोफूच्या दुकानासमोरच्या सायकलींच्या रांगेत आपली सायकल अगदी शेवटी लावली आणि पायाने स्टँड दाबला. वस्तीतल्या निम्म्या आयांकडे असते तसलीच ही सायकल, राखाडी. मागच्या खुर्चीवर पावसाचं काळं झाकण होतं आणि झाकणाआड इत्सुकी झोपला होता. अडीच वर्षांचं पोर, अर्धवट झोपेतून उठलं तर घरी जाईपर्यंत रडणार. तिने कुलूप लावलं नाही. मूल बसलेली सायकल कोण नेणार?

"पोराला बाहेरच ठेवलंस?" पाण्यातून तोफूची वडी उचलत दुकानातल्या आजींनी विचारलं.

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा. ही निघालेच."

"मागच्या वादळात ही अख्खी रांग आडवी झाली होती. एक पडली की शेजारणीला घेऊन पडते."

"मग द्या ना लवकर, आजी. वडी काय तान्ह्या बाळासारखी उचलताय?"

आजी हसल्या. दारात एक बाई बाहेर सायकल लावून चिंब भिजलेली आत शिरत होती. दोघींनी मान लववत एकमेकींना वाट दिली.

बाहेर पाऊस आडवा मारत होता. कानाएने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, रांगेतली शेवटची सायकल काढली आणि निघाली.

"इत्सुकी, रेल्वे फाटकाशी गाडी बघायची का रे?"

उतारावर तिने दोन्ही ब्रेक आवळले. एरवी वळणावर तो एका अंगाला कलायचा आणि तिला हँडल सावरावं लागायचं. आज मागचं वजन जागचं हललं नाही.

"शहाणं माझं बाळ," ती म्हणाली.

इमारतीखाली पोचली तेव्हा खांबावरचा नगरपालिकेचा कर्णा बोलत होता. उडून जातील अशा वस्तू घरात घ्या. एकेक शब्द सुटा सुटा, वाऱ्यात फाटत येत होता.

तिने झाकणाची चेन उघडली.

आत तांदळाचं पोतं होतं. दोन्ही खांद्यांचे पट्टे त्याच्यावर नीट आवळलेले होते. घसरू नये म्हणून कुणीतरी बाजूला घडी केलेला टॉवेल खोचला होता. ती स्वतः इत्सुकीच्या मानेशी खोचायची, तसाच.

तिने सायकल दुकानाकडे वळवली. समोर आता चढ होता, आणि वारा तोंडावर.

मागे, इमारतीच्या जिन्याशी, एक सायकल पडल्याचा आवाज आला. मग तिच्या शेजारची. मग तिसरी.